पळणारा सापडला, मग काठी कशासाठी?

दहावी_गल्ली | काल रात्री १०.५२

मंडळी, परवा संध्याकाळी बघितलेलं डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ठाणं कुठलं तेही विचारू नका.

सातच्या सुमारास कारखान्यातून घरी निघालो होतो. पुढं नाकाबंदी. माझ्या पुढच्या मोटरसायकलवर दोन पोरं, विशीतली. पोलीस दिसले तशी गाडी गर्रकन वळवली आणि राँग साईडनं सुटली. एका शिपायानं काठी भिरकावली, ती डिव्हायडरला आपटली. पुढं खडीवर गाडी घसरली. चालवणारा तिथंच आडवा झाला, मागचा उठून बोळात शिरला. त्याच्या मागं दोन पोलीस, पोलिसांच्या मागं अर्धी गल्ली. मीही पळालो, खोटं कशाला बोलू.

बोळ पुढं बंद होता. पोरगं भिंतीला टेकलं, खाली बसलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले. एका पायात चप्पल नव्हती. पहिला पोलीस पोचला, पन्नाशीच्या आसपासचा. त्याला एवढा दम लागला होता की गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला. दहा-बारा सेकंद गेली असतील. पोरगं हललं नाही. मग साहेब सरळ झाले, टोपी नीट केली आणि काठी चालवायला सुरुवात केली. दंडावर, मांड्यांवर, पाठीवर. मी आठपर्यंत मोजल्या.

गाडी चोरीची होती म्हणतात. असेल, त्यावर माझा वाद नाही. पळत्या माणसाला पाडलं, दाबून धरलं, हात पिरगाळला तर मी समजू शकतो, त्याशिवाय तो थांबणार नाही. पण हा थांबला होता. त्या दहा सेकंदांनंतरचा मार कशात मोडतो, एवढंच मला कुणीतरी सांगा.

कडक_भाकरी | रात्री ११.०४

पळायचंच कशाला बे? थांबला असता तर पावती फाडून घरी जेवायला गेला असता. आता खा म्हणावं.

गंठणवाली | रात्री ११.३१

मला कुणी विचारलं नाही तरी लिहिते. काही वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात सकाळी फिरायला गेले होते. मागून गाडी आली, मागं बसलेल्यानं गंठणाला हात घातला. ते तुटेना, म्हणून त्यानं मला तसंच पाच-सहा पावलं फरफटत नेलं. गळ्यावर अजून काळपट रेघ आहे, मान उजवीकडं पूर्ण वळत नाही. सासूबाईंनी घातलेलं गंठण होतं, साडेतीन तोळ्यांचं. दोनदा ओळखपरेडला जाऊन आले, तो काही सापडला नाही.

तुम्ही आठपर्यंत मोजल्या, दादा. मी तिथं असते तर नववी मागितली असती. चूक की बरोबर ते नंतर बघू. आधी हे खरं आहे, ते लिहिलं.

दहावी_गल्ली | रात्री ११.४०

ताई, यावर बोलायला माझ्याकडं काही नाही.

वकिलीणबाई | रात्री ११.५८

धागाकर्त्यानं सरळ प्रश्न विचारलाय म्हणून सरळ उत्तर देते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४३. अटकेला जोरानं विरोध केला किंवा अटक चुकवायला बघितलं, तर अटक करण्यासाठी लागतील ते सगळे उपाय पोलिसाला करता येतात. यातले 'अटक करण्यासाठी' हे दोन शब्द सगळे विसरतात. त्याच कलमाच्या सुरुवातीला असंही आहे की माणूस शब्दानं किंवा कृतीनं स्वाधीन झाला, तर त्याला हातसुद्धा लावायची गरज नाही. पोरगं हात डोक्यावर घेऊन खाली बसलं तिथं अटक पुरी झाली. नंतरच्या आठ काठ्यांना या कलमात जागा नाही. आणखी एक कलम, जुनं ४९ आणि नवं ४६, सांगतं की पळून जाऊ नये यासाठी गरज असेल त्याहून जास्त जखडायचं नाही.

जीव घेण्याबद्दल: ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना मारून टाकण्याचा हक्क हे कलम देत नाही. गाडीचोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसतं गंठण हिसकावणं, न्याय संहितेचं ३०४, तेही तीन वर्षांपर्यंत. पण ताईंसारखं फरफटत नेऊन इजा केली तर ती जबरी चोरी होते आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. तिथंसुद्धा 'लागतील तेवढेच' ही अट सुटत नाही.

कडक_भाकरी | रात्री १२.०६

कलमं कोर्टात, मॅडम. बोळात काठीच चालते.

फ्रिस्कोतला_सोलापुरी | रात्री १२.४५

इथं टेक्सासात दुपार आहे, लिहायला वेळ आहे. अमेरिकेत या विषयावर बोलायचं तर एक खटला टाळता येत नाही. ३ ऑक्टोबर १९७४, टेनेसीतलं मेम्फिस. घरफोडीचा फोन आला म्हणून पोलीस एका घराच्या मागच्या अंगणात गेला. एडवर्ड गार्नर नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा कुंपणापाशी होता. टॉर्चच्या उजेडात त्याच्याकडं हत्यार दिसलं नाही, हे त्या पोलिसानं स्वतःच नंतर सांगितलं. 'थांब' म्हणाला, पोरगा कुंपणावर चढायला लागला, मागून डोक्यात गोळी. सापडलं काय, एक पर्स आणि दहा डॉलर.

तेव्हा तिथं जुन्या इंग्रजी कायद्यातला नियम चालायचा, गंभीर गुन्ह्यातला माणूस पळाला तर गोळी घालायला हरकत नाही. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो मोडला. पळणाऱ्याकडून पोलिसाच्या किंवा लोकांच्या जिवाला धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच गोळी. म्हणून तिथं सगळं सुधारलं असं मात्र नाही. एप्रिल २०१५ मध्ये साऊथ कॅरोलायनात नॉर्थ चार्ल्सटनला एक माणूस पाठमोरा पळत असताना पोलिसानं गोळ्या घातल्या. 'तो माझ्या जिवावर उठला होता' हे पोलिसाचं सांगणं टिकलं नाही, कारण रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मोबाईलवर शूट केलं होतं. २०१७ मध्ये त्या पोलिसाला वीस वर्षांची शिक्षा झाली.

कडक_भाकरी | रात्री १२.५१

मेम्फिसचं काय सांगायलास मालक. इथं गोळी कुणी घातली? काठीचं बोला.

वकिलीणबाई | सकाळी ७.१५

भाकरी, मेम्फिसवाल्यांना १९८५ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडं जीव घेण्यावरची ही मर्यादा इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही होती, जन्मठेपेऐवजी काळं पाणी एवढाच फरक. कागदाच्या बाबतीत आपण कधीच मागं नव्हतो.

चार_पुतळा | सकाळी ७.४०

सोलापूरला पोलिसांच्या बळाचं कौतुक सांगू नये कुणी. मे १९३० मध्ये गोळीबार झाल्यावर या गावानं काय केलं ते आठवा. १२ मेपासून मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी. त्या चौघांच्या पुतळ्यांपाशी आज आपण रिक्षाची वाट बघतो.

संपादक | सकाळी ८.०२

१९३० वर वेगळा धागा काढा, आनंदच आहे. इथं विषय पाठलागाचा. ठाण्याचं नाव आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

खाकी_उतरवली | सकाळी ९.२०

चौतीस वर्षं नोकरी केली, शहरात आणि ग्रामीणमध्ये. तुटून पडायच्या आधी पूर्ण वाचा.

पाठलाग तुम्ही सिनेमात बघता. खरा पाठलाग असा असतो: आषाढीचा पंढरपूर बंदोबस्त करून आलेला माणूस, झोप धड नाही, जेवण गाडीत, पायात खात्याचे बूट. पुढं पळणारा विशीतला, त्याला बोळ पाठ. त्याच्या कमरेला काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. एकदा माझ्या जोडीदाराच्या पोटरीत सुरा गेला. तेव्हापासून प्रत्येक वळणावर माझी काठी आधी आत जायची, मी नंतर.

आणि आरोपी निसटला तर पेपरात मथळा येतो, 'पोलिसांच्या हातावर तुरी'. तुम्ही चहा पिता पिता हसता. आमच्याकडं त्या दिवशी सस्पेन्शन येतं, मागोमाग खात्याची चौकशी. जुन्या भादंविचं, म्हणजे भारतीय दंड विधानाचं, २२४ कलम काढून बघा, कोठडीतून पळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. त्याच्या अलीकडचं २२३, हलगर्जीपणानं पळू देणाऱ्या सरकारी नोकराला, तेही दोन वर्षांपर्यंत. चोराला आणि राखणाऱ्याला एकच माप. दवाखान्यात नेलेल्या आरोपीला संडासात सोडून मी बाहेरून दोरीचं टोक धरून उभा राहिलोय.

ही झाली आमची बाजू. आता त्या दहा सेकंदांबद्दल. पळता पळता बसलेली काठी भीतीपोटी बसते, तिचा हिशेब कुणी मागू नये असं मला आजही वाटतं. दम खाऊन मारलेली काठी वेगळी. 'मला पळवतोस काय' हा तिच्यातला राग, आणि गल्ली बघत असली तर थोडी गल्लीसाठीही. मी मारलंय. एकदा नाही. आमच्यावर एक जुने फौजदार होते. ते मागून ओरडत यायचे, 'धरला ना? काठी खाली!' ते ओरडायचे म्हणून आम्ही थांबायचो. कलम कुणाला पाठ होतं? ते रजेवर असले की थांबायचो नाही.

माझ्या नोकरीत मला मोठा वाटलेला माणूस म्हणजे सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे. मी त्यांना कधी भेटलो नाही. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी. कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला आणि पाकिस्तानात शिजलेला कट कोर्टापुढं मांडता आला. मारून टाकला असता तर नुसतं एक मढं हातात राहिलं असतं.

एमएच_१३ | सकाळी ९.५५

काका, मनापासून लिहिलंत. पण भिरकावलेल्या काठीबद्दल कुणीच बोलेना. चालत्या दुचाकीवर काठी फेकणं, हँडल ओढणं हे दर नाकाबंदीला दिसतं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत त्रिचीजवळ हेल्मेट नाही म्हणून न थांबलेल्या जोडप्याचा पोलीस निरीक्षकानं पाठलाग केला आणि गाडीला लाथ घातली. मागं बसलेली बाई गेली. हेल्मेटसाठी! गाडीला नंबरप्लेट असते, आरटीओत पत्ता असतो. नंबर घ्या, सकाळी घरी जा, तो दात घासत असेल.

खाकी_उतरवली | सकाळी १०.१०

नंबर खोटा असला तर? पण तुमचं बरोबर आहे. चालत्या गाडीवर काठी टाकणं हे शिकवलेलं नाही, बघून बघून आलेलं आहे.

बातम्या_लिहितो | सकाळी ११.३०

बारा वर्षं क्राईम बीट केलंय, आमचाही वाटा कबूल करतो. प्रेसनोट येते, त्यात 'शिताफीने पाठलाग करून', 'मुसक्या आवळल्या', 'पळून जाताना पडून किरकोळ जखमी'. आम्ही 'फिल्मी स्टाईल' एवढं आमच्याकडून घालतो आणि छापतो. 'पडून जखमी' कुठं पडून, हे मी बारा वर्षांत फार तर तीनदा विचारलं असेल. विचारलं की पुढच्या वेळी नोट उशिरा येते.

टाके_घालते | दुपारी १.०५

पडून झालेल्या जखमेचं मी सांगते. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी कायद्यानं करावी लागते, त्यामुळं हे पेशंट आमच्याकडं येतातच. पळताना पडलेल्या माणसाचे तळहात, गुडघे, कोपरं, हनुवटी सोलवटते. मातीचे कण असतात. गोल काठीचा वळ ओळखायला मात्र एमडी लागत नाही. दोन समांतर लाल रेघा आणि मधला पट्टा फिकट, रेल्वेच्या रुळांसारखा. काठीच्या दाबानं रक्त दोन्ही कडांना सरकतं म्हणून. मांडीच्या मागच्या बाजूला असे चार रूळ घेऊन कुणी आलं, तर तो कुठं पडला होता म्हणायचं?

मी 'दोन समांतर रेघा, लांबी इतकी, रुंदी इतकी' असं लिहिते. कशामुळं, ते ज्यानं वाचायचं त्यानं वाचावं. बरोबर आलेला पोलीस कधी कधी म्हणतो, 'मॅडम, थोडक्यात लिहा की.' नवीन मुलं थोडक्यात लिहितात.

सरळ_हिशोब | दुपारी २.४०

सगळं ऐकलं. पण कोर्टात वीस वीस वर्षं जातात त्याचं काय? हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनातले चौघं आरोपी पळायला लागले, उडवले, लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली. मीही स्टेटस ठेवलं होतं. इथंही तेच पाहिजे.

वकिलीणबाई | दुपारी ३.३०

फुलं टाकली ६ डिसेंबर २०१९ ला. पुढचं कुणी वाचलं नाही. सुप्रीम कोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये अहवाल आला: जीव घेण्याच्या उद्देशानं जाणूनबुजून गोळीबार केला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. चौघांतले तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात आहे. ते पळत होते, हे आपल्याला गोळी घालणाऱ्यांनीच सांगितलं होतं.

महाराष्ट्रातलं बघा. मुंबईतल्या नव्वदच्या दशकातल्या चकमकींवरून सुप्रीम कोर्टानं २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा मुद्दे घालून दिले. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडं किंवा दुसऱ्या ठाण्याकडं द्या, दंडाधिकारी चौकशी करा, लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानं पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या मुलींच्या खटल्यात मुख्य आरोपीविरुद्धचा निकाल आता कधीच लागणार नाही.

सरळ_हिशोब | दुपारी ३.४४

पटत नाही. पण अल्पवयीन होते हे माहीत नव्हतं.

तारेपलीकडचा | संध्याकाळी ६.१५

'पळायचंच कशाला' असं वर विचारलंय. सांगतो.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत जन्मले. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या. रोजची हजेरी, बाहेर जायला पास. हजेरी चुकली की माणूस फरारी, त्यासाठी काही चोरलेलं असायची गरज नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही सुटलो, म्हणून तो विमुक्त दिन. १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातल्या वहीतली नावं तिथंच राहिली.

माझ्या लहानपणी वस्तीत जीप शिरली की बाप्ये मागच्या दारानं शेतात जायचे. आई आम्हा भावंडांना दारात ताटं वाढून बसवायची, घरात जेवणं चालली आहेत असं दिसावं म्हणून. दुपारचे चार असले तरी. चोरी कुठं झाली ते आम्हाला माहीतही नसायचं. जो पळायचा नाही त्याला उचलायचे आणि दोन-तीन दिवस आत ठेवायचे. जो पळायचा त्याच्या कागदावर 'पोलिसांना पाहून पळू लागल्याने संशय बळावला'. माझ्या चुलत्याचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. ते पळाले नव्हते.

आज मी बँकेत आहे. गाडीची कागदपत्रं डिकीत, हेल्मेट डोक्यावर. नाकाबंदी दिसली की अजूनही पोटऱ्या ताठ होतात. तुमच्या पोराची गाडी चोरीची असेल, मी त्याचं वकीलपत्र घेत नाही. पळण्याला गुन्ह्याशिवाय दुसरंही कारण असतं, एवढंच.

कडक_भाकरी | संध्याकाळी ६.४०

सेटलमेंट म्हणजे मला आजपर्यंत रिक्षाचा थांबा वाटायचा, दादा.

वकिलीणबाई | संध्याकाळी ७.०५

३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात सुप्रीम कोर्टानं पोलिसांना बजावलंय, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका. बहात्तर वर्षांनी हे सांगावं लागलं.

दहावी_गल्ली | रात्री ९.१०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लपवली होती. माझ्याकडं व्हिडिओ आहे, मिनिटभराचा. बोळाच्या तोंडापासून शेवटपर्यंत. परवापासून कुणाला दाखवला नाही, बायकोलाही नाही. कारण त्यात पळत असताना एक आवाज येतो, 'सोडू नका साहेब, हाणा.' तो माझा आहे.

गंठणवाली | रात्री ९.१८

दादा, उडवू नका तो.

वकिलीणबाई | रात्री ९.३०

अजिबात उडवू नका. कापू नका, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, पोराचा चेहरा आहे त्यात. मूळ फोनमध्ये तसाच ठेवा. अटकेनंतर चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढं उभं केलं असणार, मारहाणीबद्दल तो तिथं बोलला की नाही ते वकिलाकडून कळेल. वैद्यकीय तपासणीचा कागद मागवता येतो. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग दीड वर्ष जपून ठेवायचं, असं २०२० च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, पण बोळात कुठला आलाय सीसीटीव्ही. तिथं तुमचाच फोन. तुमचा आवाज त्यात असला तर असू दे.

खाकी_उतरवली | रात्री ९.५२

आणि व्हिडिओत नेमप्लेट दिसत असली तर इथं लिहू नका. त्या माणसाला मी ओळखतही असेन. तरी द्या.

दहावी_गल्ली | रात्री १०.०५

पोराच्या मामाचा पत्ता लागलाय, विडी घरकुलात राहतात. त्यांना कटकट नको आहे म्हणे, पोरगं सुटून घरी आलं की झालं. उद्या कारखाना सुटल्यावर जाऊन बघतो, निदान विचारतो.

कडक_भाकरी | रात्री १०.११

जाताना कागदपत्रं घेऊन जा बे. त्या रोडला उद्या परत नाकाबंदी आहे.